घोटा बरा झाला, पण सावरला का?



मागील महिन्यात या सदरात मानेच्या दुखण्याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत एका आईचे पत्र होते, पण त्याचा विषय मान नव्हता. तिच्या परवानगीने, नावगाव वगळून, ते येथे देते.

तिची पंधरा वर्षांची मुलगी शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळते. गेल्या चौदा महिन्यांत तिचा उजवा पाय तीनदा मुरगळला. पहिल्यांदा सामन्यात, उडी मारून खाली येताना दुसऱ्या खेळाडूच्या पावलावर पाय पडला. दुसऱ्यांदा सरावात, दिशा बदलताना. तिसऱ्यांदा मात्र दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये, सपाट जमिनीवर, हातात दुधाची कॅन घेऊन चालताना. आई लिहिते : "एक्स-रे साफ आहे. डॉक्टर म्हणतात, हाड शाबूत आहे. प्रशिक्षक म्हणतात, मनातली भीती काढून टाक. हिचे बाबा म्हणतात, खेळ पुरे झाला, अभ्यासाकडे बघ. नागपूरहून आलेल्या सासूबाई रोज रात्री आंबेहळदीचा लेप लावतात. पाच आठवड्यांनी वरच्या संघाची निवड चाचणी आहे. आम्ही कोणाचे ऐकावे?" आणि शेवटी एक ओळ : "ती म्हणते, आता काहीच दुखत नाही, पण जिना उतरताना ती कठडा धरते."

त्या शेवटच्या ओळीमुळे हा लेख लिहिते आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणून अठरा वर्षे काम करताना कठडा धरून उतरणारी अशी पुष्कळ मुले मी पाहिली आहेत. त्यांचे दुखणे गेलेले असते, सूज ओसरलेली असते, अहवाल स्वच्छ असतात. पण पायावरचा भरवसा परत आलेला नसतो. घरातील मोठ्यांना ही भीती वाटते आणि ते मुलाची समजूत घालत बसतात. वास्तविक बहुतेक वेळा ती भीती खरी बातमी देत असते.

मुरगळताना काय होते

घोट्याच्या सांध्यात तीन हाडे एकत्र येतात. वरून नडगीचे जाड हाड आणि त्याच्या बाहेरील अंगाचे बारीक हाड मिळून एक चौकट तयार करतात. त्या चौकटीत खालचे टॅलस नावाचे हाड बसते. हाडांना धरून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध किंवा लिगामेंट म्हणतात. घोट्याच्या आतील बाजूचा अस्थिबंध रुंद आणि बळकट असतो. शिवाय बाहेरील बाजूचे हाड अधिक खालपर्यंत उतरलेले असल्यामुळे पाऊल बाहेरच्या दिशेने सहजासहजी कलंडत नाही. आतल्या दिशेने मात्र ते कलंडते. त्यातही चवडा खाली झुकलेला असताना, म्हणजे उडीनंतर जमिनीवर येताना किंवा पायरी उतरताना, सांध्याची चौकट सैल असते. त्या क्षणी पाऊल आत वळले, तर बाहेरील बाजूच्या तीन अस्थिबंधांपैकी समोरचा प्रथम ताणला किंवा फाटला जातो. जोर अधिक असेल तर टाचेकडे जाणारा दुसराही दुखावतो. तिसऱ्यापर्यंत इजा क्वचितच पोहोचते.

क्रीडाक्षेत्रातील सर्वाधिक आढळणाऱ्या दुखापतींमध्ये ही दुखापत मोडते, आणि कदाचित त्यामुळेच ती सर्वाधिक दुर्लक्षित राहते. "मुरगळला आहे, होईल बरा" हे वाक्य आपल्या भाषेत जितके सहज येते, तितकेच इंग्रजीतही येते. डब्लिन येथील संशोधकांनी प्रथमच पाय मुरगळलेल्या रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करून २०१६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते या सहजतेला धक्का देणारे आहेत. वर्षानंतरही सुमारे ४० टक्के रुग्णांचा घोटा पूर्ववत झालेला नव्हता : तो अधूनमधून दगा देत होता, पुन्हा मुरगळत होता किंवा अस्थिर वाटत होता. या अवस्थेला वैद्यक दीर्घकालीन घोटा-अस्थिरता म्हणते. त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. दुखापतीनंतर दोन आठवड्यांनीही ज्यांना उडी मारून उतरण्याच्या चाचण्या पूर्ण करता आल्या नाहीत, त्यांच्यात ही अस्थिरता राहण्याचा धोका अधिक होता. म्हणजे पुढे काय होणार याची चाहूल बऱ्याच लवकर लागू शकते. ती घेणारे कोणी असावे लागते.

सांध्याचे हरवलेले भान

एक्स-रे साफ असताना पाय पुन्हा पुन्हा का वळतो, हा त्या आईचा मूळ प्रश्न आहे. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात. अस्थिबंध त्यात दिसत नाहीत, आणि स्नायूंना हुकूम देणारी यंत्रणा तर कोणत्याच छायाचित्रात नीट दिसत नाही.

या यंत्रणेकडे वैद्यकाचे लक्ष वेधण्याचे श्रेय बऱ्याच अंशी ब्रिटिश शल्यचिकित्सक मायकेल फ्रीमन यांच्याकडे जाते. १९६५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट तपासली. पाय मुरगळलेल्या रुग्णांना त्यांनी एका पायावर उभे राहायला सांगितले. अनेकांना चांगल्या पायावर जितके स्थिर उभे राहता येत होते, तितके दुखावलेल्या पायावर येत नव्हते. फ्रीमन यांचे म्हणणे असे होते की, अस्थिबंधांमध्ये आणि सांध्याच्या आवरणात सूक्ष्म मज्जातंतूंची टोके असतात; पाऊल किती कलले आहे, कोणत्या वेगाने कलते आहे, ही खबर ती सतत वर पाठवतात. अस्थिबंधाबरोबर हे मज्जातंतूही दुखावतात आणि खबर अपुरी पोहोचू लागते. यावर त्यांनी उपाय सुचवला तोही साधाच होता : डगमगणाऱ्या फळीवर तोल सांभाळण्याचा सराव. ज्या रुग्णांनी तो केला, त्यांच्यात पाय दगा देण्याच्या तक्रारी खूपच कमी उरल्या.

फ्रीमन यांचे स्पष्टीकरण पुढील काळात अपुरे ठरले. संशोधकांना असे आढळू लागले की, बिघाड केवळ सांध्यापुरता राहत नाही. मेंदू आणि मज्जारज्जू स्नायूंना ज्या रीतीने चालवतात, ती रीतच बदलते. एकच घोटा दुखावला असला तरी कधीकधी दोन्ही पायांचा तोल ढासळलेला दिसतो, तो यामुळेच. फ्रीमन यांचा उपाय मात्र टिकला. आजही घोट्याच्या पुनर्वसनाचा कणा तोलाचा सरावच आहे.

सांध्याला स्वतःच्या स्थितीचे जे ज्ञान असते, त्याला आपण येथे स्थितिभान म्हणू. डोळे मिटून आपण चमचा तोंडापर्यंत नेऊ शकतो, अंधारात जिना चढू शकतो, ते या भानामुळे. चालताना पाऊल जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवरून पुढे सरकते. त्या क्षणी पावलाचा कल ओळखण्यात थोडी जरी चूक झाली, तरी त्याची बाहेरील कड जमिनीला आधी लागते आणि सगळे वजन त्या कडेवर येऊन पाऊल आत उलटते. पार्किंगच्या सपाट जमिनीवर, दगड-खड्डा काही नसताना त्या मुलीचा पाय का मुरगळला, याचे हे उत्तर आहे. तिचे लक्ष नव्हते म्हणून तिला रागावण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडे आपण कधीच लक्ष देत नाही, तेच काम तिच्या पायाला करता येत नव्हते.

पाय जमिनीला टेकण्याआधी

पोटरीच्या बाहेरील बाजूने खाली येऊन पावलाच्या बाहेरील कडेला जोडलेले स्नायू असतात. त्यांना पेरोनियल स्नायू म्हणतात. पाऊल आत कलू लागले की त्याला बाहेर खेचणे हे त्यांचे काम. घोट्याचे ते राखणदार आहेत. पाय मुरगळणाऱ्या खेळाडूला म्हणूनच रबरी पट्टी बांधून या स्नायूंचे व्यायाम दिले जातात, आणि ते योग्यच आहे.

पण येथे वेळेचा हिशेब पाहिला पाहिजे. पाऊल अचानक कलले तर पेरोनियल स्नायूंना खबर मिळून ते जागे होईपर्यंत सुमारे ५० ते ८० मिलिसेकंद जातात, आणि स्नायूंमध्ये उपयोगी पडेल एवढा जोर तयार व्हायला त्याहून अधिक वेळ लागतो. वेगाने खेळताना अस्थिबंधाला इजा करणारा ताण अनेकदा त्याआधीच येऊन गेलेला असतो. थोडक्यात, स्नायू कितीही बळकट असले तरी पाय वळल्यावर जागे होऊन त्यांना घोटा वाचवता येईलच असे नाही.

मग निरोगी खेळाडूचा घोटा कसा वाचतो? उडी मारून खाली येणाऱ्या खेळाडूच्या पायाचे स्नायू जमिनीला स्पर्श होण्याआधीच आवळले जातात. जमीन कधी लागणार, कोणत्या कोनात लागणार, याचा अंदाज मेंदूने आधीच बांधलेला असतो आणि स्नायूंना त्याप्रमाणे सज्ज केलेले असते. अस्थिर घोट्याच्या अनेक खेळाडूंत ही पूर्वतयारी उशिरा किंवा अपुरी होते. ताकद वाढवण्याबरोबर ही सज्जता पुन्हा शिकवावी लागते, आणि ती केवळ पुनरावृत्तीने येते. पहिले पाऊल टाकणारे मूल जसे पडतझडत तोल शिकते, तसेच मोठ्या खेळाडूला तो एका पायापुरता पुन्हा शिकायचा असतो.

घोट्याचा आधार खुब्यात

आणखी एक बाब प्रथम ऐकणाऱ्याला चकित करते. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधक जोआन बुलक-सॅक्सटन आणि चेक तज्ज्ञ व्लादिमीर यांदा यांनी सहकाऱ्यासह एक अभ्यास प्रसिद्ध केला. घोटा गंभीरपणे मुरगळलेल्या व्यक्तींनी पालथे पडून पाय मागे उचलला, तेव्हा नितंबाचा मोठा स्नायू निरोगी व्यक्तींपेक्षा उशिरा कामाला लागत होता. दुखापत घोट्याला आणि उशीर नितंबात! त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत अस्थिर घोट्याच्या व्यक्तींचे खुब्याभोवतीचे स्नायूही दुर्बल आढळले आहेत. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. एका पायावर उभे असताना धड डावी-उजवीकडे झुकू नये याची जबाबदारी खुब्याच्या स्नायूंवर असते. ते ढिले पडले की धडाचा झोक सावरण्याचे काम खाली घोट्यावर येते, आणि एवढ्याशा सांध्याला ते पेलत नाही.

आपल्या मुलांना ठाऊक असलेले याचे उदाहरण म्हणजे स्टीफन करी. गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या या खेळाडूचा उजवा घोटा कारकिर्दीच्या सुरुवातीला इतक्यांदा मुरगळला की, २०११ आणि २०१२ अशा लागोपाठ दोन वर्षी त्याच्यावर शस्त्रक्रिया झाल्या. २०११-१२ च्या हंगामातील ६६ सामन्यांपैकी तो अवघे २६ खेळला. त्यानंतर संघाने त्याच्याशी चार वर्षांचा ४ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला, तेव्हा असल्या घोट्यांवर एवढी रक्कम लावणे अनेकांना जोखमीचे वाटले होते. पुढील हंगामात तो ७८ सामने खेळला. नंतर संघाच्या शारीरिक प्रशिक्षणाची सूत्रे घेतलेल्या कीके लाइल्स यांनी त्याच्या व्यायामाचा भर घोट्यावरून खुब्याकडे आणि नितंबांकडे वळवला. वेग कमी करताना, दिशा बदलताना आणि उतरताना कमरेतून वाकून मोठ्या स्नायूंवर भार घ्यायचा, घोट्याला एकट्याला लढू द्यायचे नाही, हे त्या प्रशिक्षणाचे सूत्र होते. आपल्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार करी जमिनीवरून उचलू लागला. २०१५ आणि २०१६ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. यशाचे सगळे श्रेय एका व्यायामाला देणे चुकीचे होईल. शस्त्रक्रिया, घोट्याचे पट्टे आणि वाढते वय यांचाही त्यात वाटा असणार. त्यानंतरही त्याचे पाय मुरगळले आहेत. तरीही "घोटा कच्चा आहे" हा शिक्का कायमचा नसतो, एवढे त्याच्या कहाणीवरून आपल्या मुलांना निश्चित सांगता येते.

आपल्या घरातील उपचार

आता आपल्या घराकडे येऊ. सासूबाईंच्या आंबेहळदीला मी नावे ठेवणार नाही. उबदार लेपाने बरे वाटते, आणि आजी रोज अर्धा तास नातीचा पाय मांडीवर घेऊन बसते, त्याचेही मोल आहे. अडचण एवढीच की लेप दुखण्यावर लावला जातो आणि दुखणे गेले की उपचार संपतो. दुखणे संपते तेथून खरे काम सुरू व्हायला हवे, हे आपल्याला कोणी सांगितलेलेच नसते. मुरगळलेला पाय जोरात ओढून "बसवून" घेण्याची पद्धत मात्र टाळलीच पाहिजे. फाटलेला अस्थिबंध त्याने आणखी फाटू शकतो, आणि आत हाड मोडले असेल तर मोठी हानी होते.

हे मी अनुभवाने लिहिते. विदर्भात महाविद्यालयात असताना मी कबड्डी खेळत असे. कबड्डीत घोटा म्हणजे प्रतिपक्षाचे पहिले लक्ष्य. चढाई करणाऱ्याचा घोटा पकडणे हे तेथील नेहमीचे कौशल्य. दुसऱ्या वर्षी माझा डावा घोटा असाच पिरगळला. आठवडाभर पट्टी, दहा दिवस विश्रांती, आणि चालता येऊ लागल्यावर मी पुन्हा मैदानात. त्या वर्षात तो आणखी दोनदा वळला. पुढे चढाईला जाताना माझे निम्मे लक्ष समोरच्या खेळाडूंवर आणि निम्मे स्वतःच्या पायावर असे. तिसऱ्या वर्षी मी खेळ सोडला. सर्वांना सांगितले, अभ्यास वाढला आहे. घरच्यांना ते पटले, नव्हे, आवडलेही. त्या वेळी कोणी मला रोज दहा मिनिटे एका पायावर उभे राहायला सांगितले असते तर मी पुढे खेळले असते की नाही, ते मला सांगता येणार नाही. पण निर्णय माझा झाला असता. घोट्याने तो माझ्यासाठी घेतला नसता.

आठ आठवड्यांचा अभ्यास

प्रथम सावधगिरी. पाय मुरगळल्यावर हाड मोडले आहे का, हे ठरवण्यासाठी कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये काही नियम तयार झाले. ते आज जगभर वापरले जातात. दुखापतीनंतर लगेच आणि पुढे तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, घोट्याच्या आतील किंवा बाहेरील हाडाच्या टोकावर अथवा त्याच्या मागील कडेवर बोट दाबताच कळ येत असेल, पावलाच्या बाहेरील कडेच्या मध्यावर असलेल्या उंचवट्यावर किंवा आतील बाजूच्या कमानीवरच्या हाडावर तशीच कळ येत असेल, तर एक्स-रे हवाच. वाढत्या वयातील मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीची पट्टी असते. म्हणून त्यांच्याबाबत शंका आली तरी डॉक्टरांना दाखवावे.

हाड शाबूत असेल तर सोसेल तेवढी हालचाल लवकर सुरू करणे हिताचे असते. पुढील सरावाविषयी मला सर्वांत आश्वासक वाटलेला अभ्यास नेदरलँड्समधील आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नुकताच घोटा मुरगळलेले ५२२ खेळाडू होते. नेहमीचे उपचार सर्वांनी आपापल्या परीने घेतले; त्यांतील निम्म्यांना त्याखेरीज तोलाच्या व्यायामांचा कार्यक्रम दिला गेला. आठ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, एका वेळी फार तर ३० मिनिटे, आणि तोही घरच्या घरी, कोणाच्याही देखरेखीविना. वर्षभरात ज्यांनी हा कार्यक्रम घेतला नव्हता त्यांच्यापैकी ३३ टक्क्यांचा घोटा पुन्हा मुरगळला. घेतलेल्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये शाळकरी फुटबॉल आणि बास्केटबॉलपटूंवर झालेल्या २००६ च्या अभ्यासातही तोलाच्या सरावाने घोट्याच्या दुखापती कमी झाल्या होत्या. येथे फिजिओथेरपीच्या प्रत्येक भेटीचा खर्च आणि विम्याने मंजूर केलेल्या भेटींची संख्या मोजत बसणाऱ्या कुटुंबांना यातून मोठाच दिलासा मिळावा. एकदोन भेटींत व्यायाम नीट शिकून घेतले, तर बाकीचा अभ्यास दिवाणखान्यात होऊ शकतो.

त्याचा क्रम साधारण असा असतो.

पहिले दोन आठवडे : घोटा पुढे वाकण्याची क्षमता परत मिळवणे. भिंतीसमोर पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा आणि पाऊल हळूहळू मागे न्यायचे. दोन्ही पायांत किती फरक आहे, ते पाहायचे. उकिडवे बसताना दुखावलेल्या पायाची टाच आधी उचलली जात असेल, तर ही क्षमता अपुरी आहे असे समजावे. जोडीला रबरी पट्टीने पाऊल बाहेरच्या दिशेने खेचणे, चवड्यांवर उभे राहणे, आणि सपाट जमिनीवर एका पायावर ३० सेकंद स्थिर उभे राहणे.

तिसरा आणि चौथा आठवडा : एका पायावर उभे राहून डोळे मिटणे, नंतर उशीवर उभे राहणे, नंतर त्याच स्थितीत भावंडाबरोबर चेंडूची फेकाफेक. चेंडूमुळे लक्ष पायावरून उडते, आणि तेच आपल्याला हवे असते. याच काळात खुब्याचे व्यायाम : एका कुशीवर झोपून वरचा पाय उचलणे, एका पायावर उभे राहून कमरेतून पुढे वाकणे, आणि खालच्या पायरीवर सावकाश उतरताना गुडघा आत झुकू न देणे.

पाचवा आणि सहावा आठवडा : छोट्या उड्या. दोन पायांवर, मग एका पायावर. पुढे, मग बाजूला. प्रत्येक वेळी उतरल्यावर तीन सेकंद पुतळ्यासारखे थांबायचे. पाय जमिनीला लागताना आवाज जितका कमी, तितके उतरणे चांगले.

सातवा आणि आठवा आठवडा : धावणे, थांबणे, वळणे आणि शेवटी खेळातील प्रत्यक्ष हालचाली.

दुसऱ्या दिवशी सूज वा दुखणे वाढले तर एक पायरी खाली यावे. आठवडे येथे केवळ अंदाजासाठी दिले आहेत. पुढे कधी जायचे ते पायाच्या प्रगतीवरून ठरवायचे असते. ज्यांचे गुडघे आधीपासून दुखतात, त्यांनी हा सराव सुरू करण्यापूर्वी तज्ज्ञाला विचारावे. नेदरलँड्समधील व्हॉलीबॉलपटूंच्या एका अभ्यासात तोलाच्या फळीवरच्या सरावाने घोटे वाचले, पण गुडघ्याचा जुना त्रास असलेल्यांचा तो त्रास वाढला होता.

खेळायला केव्हा उतरावे

दुखत नाही एवढ्यावरून परवानगी देऊ नये. घरीच एक चाचणी करता येते. जमिनीवर चिकटपट्टीने इंग्रजी वाय अक्षराची आकृती काढावी. तिच्या मध्यावर एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाच्या बोटाने तिन्ही दिशांना जास्तीत जास्त लांब स्पर्श करावा आणि अंतर मोजावे. शाळकरी बास्केटबॉलपटूंच्या एका अभ्यासात, समोरच्या दिशेला दोन पायांच्या पोहोचीत ४ सेंटिमीटरहून अधिक फरक असलेल्या खेळाडूंना पायाच्या दुखापतीचा धोका सुमारे अडीच पट होता. त्याखेरीज एका पायावर उडी मारून न डगमगता थांबता यावे, दोन्ही पायांच्या लांब उडीत फारसा फरक नसावा, आणि शेवटी मुलाला स्वतःला विचारावे : पायावर भरवसा वाटतो का? या प्रश्नाचे उत्तर चाचणीइतकेच मोलाचे आहे.

परतल्यावर पहिला हंगाम दोरी बांधण्याचा घोटापट्टा वापरणे शहाणपणाचे. शाळकरी बास्केटबॉलपटूंच्या २०११ मधील अभ्यासात अशा पट्ट्याने घोट्याच्या दुखापती लक्षणीयरीत्या कमी केल्या. पट्टा घातल्याने स्नायू आळशी होतील ही भीती धरून तो टाळू नये. सराव आणि पट्टा एकत्र चालतात. मन लावून काही महिने सराव करूनही घोटा दगा देत राहिला, तर मात्र अस्थिबंध खरोखर सैल राहिला आहे का, हे अस्थिशल्यचिकित्सकाकडून तपासून घ्यावे. अस्थिबंध दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया विश्वासार्ह आहे. तिच्यानंतरही हा सराव चुकत नाही. दुर्लक्ष करणे हा पर्याय नाही. घोट्याचा संधिवात बहुतांशी जुन्या दुखापतींतून येतो आणि तो वयाच्या मानाने लवकर येऊ शकतो.

त्या आईला मी लिहिले ते असे. पाच आठवड्यांत पाय बऱ्याच अंशी सावरू शकतो, पूर्ण सावरेलच असे वचन मला देता येणार नाही. चौथ्या आठवड्याच्या शेवटी चाचणी घ्या. दोन्ही पाय सारखे आले तर पट्टा बांधून निवड चाचणीला जाऊ द्या, न आल्यास या वर्षीची निवड सोडा. एक निवड हुकली तर पुढील वर्षी दुसरी असते. प्रशिक्षकांना सांगा की तिची भीती खोटी नाही. तिच्या बाबांना सांगा की खेळ सोडल्याने घोटा बरा होत नाही; तिसऱ्यांदा तो मैदानावर मुरगळलाच नव्हता. आजींना मात्र एक काम द्या. लेप लावून झाला की हातात घड्याळ घेऊन बसायचे आणि नात एका पायावर किती सेकंद उभी राहते ते मोजायचे.

गेल्या आठवड्यात आईचे उत्तर आले. पहिल्या रात्री उजव्या पायावर, डोळे मिटून, सात सेकंद. आता चोवीस. डावा पाय अजून पुढे आहे. निवड चाचणीला बारा दिवस उरले आहेत आणि जायचे की नाही ते अजून ठरलेले नाही. मुलगी म्हणते, चाचणी घेऊ आणि मग ठरवू.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे, आपल्या डॉक्टरांच्या किंवा फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याची जागा तो घेऊ शकत नाही. पुढील महिन्यात : रात्रपाळी करणाऱ्यांची झोप.)